बारा वर्षांच्या हॅचबॅकचं सस्पेन्शन: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार. कुर्ला

गाडी घरचीच. बारा वर्षं झालेली पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, इंजिन आडवं बसवलेलं, ओढ पुढच्या चाकांना. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा), इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नाही. मुंबईत दर दुसऱ्या सोसायटीत उभी असते तसलीच.

तक्रारी दोन. आईला मागच्या सीटवर मुलुंडहून दादरपर्यंत जाताना मळमळतं आणि उतरताना कंबर धरलेली असते. आणि मी चालवताना ईस्टर्न एक्स्प्रेसवर लेन बदलली की गाडी आधी ऐकतच नाही, मग एकदम ऐकते. दादाचं मत ठरलेलं आहे: "मऊ ठेवलीस तर डुलणार, कडक केलीस तर आदळणार. दोन्ही एकदम कुठून मिळणार?" बहुतेकांचं हेच मत असतं. मला शंका अशी आहे की आराम आणि पकड या दोन्हींची वाट लावणारी गोष्ट एकच असावी: कुणाच्याच ताब्यात नसलेली हालचाल. दमलेला शॉकअप (स्प्रिंगचे झोके आवरणारं तेलाचं नळकांडं), फाटलेलं रबर, बसलेलं माउंट (इंजिनच्या आधाराचं रबर). ती आवरली तर दोन्हींत फरक पडायला हवा. खरं-खोटं बघायला हा खटाटोप.

पद्धत साधी. एका वेळी एकच बदल, भाग मूळ मापाचेच, आणि प्रत्येक बदलानंतर तेच रस्ते, तोच वेग. मागच्या सीटच्या रुळाला दुहेरी टेपने मोबाइल चिकटवायचा आणि त्यातल्या ॲक्सेलरोमीटरचा आलेख घ्यायचा. हे काही पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेतलं उपकरण नव्हे, पण आधी आणि नंतर यांतला फरक कळायला पुरेसं आहे.

काम सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीतल्या मेस्त्रींकडे. त्यांची अट एकच: "ताई, मापं तुम्ही घ्या, पण पाना हातात घ्यायच्या आधी मला विचारा."

१२ जानेवारी, रविवार

सुरुवातीचे आलेख घेतले. रस्ते तीन निवडलेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी.

पहिला, पेव्हर ब्लॉकची गल्ली. ब्लॉक साधारण २० सेंटीमीटरचा धरला तर ताशी २० किलोमीटरला सेकंदाला २८ ठोके. इतक्या जलद ठोक्यांना स्प्रिंग आणि शॉकअप फारसे दाद देत नाहीत. ते टायरने आणि सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशांनीच गिळायचे.

दुसरा, आमच्याकडचा नवा काँक्रीट रस्ता. स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर. ताशी ४० ला सेकंदाला अडीच ठोके, ताशी ७० ला सव्वाचारच्या पुढे. इथे गंमत आहे. माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त कुरकुरतं ते सेकंदाला ४ ते ८ ठोक्यांच्या, म्हणजे ४ ते ८ हर्ट्‌झच्या पट्ट्यात. आयएसओ २६३१ हे मानक त्यावरच उभं आहे. म्हणजे त्याच रस्त्यावर वेग वाढवला की धक्का पोटाला बरोबर लागतो. "हळू चालव" असं आई म्हणते त्याला शास्त्र आहे.

तिसरा, लालबागचा उड्डाणपूल. सांधे लांब लांब असल्याने एकेक धक्का सुटा येतो. धक्क्यानंतर बॉडी किती वेळ वरखाली होते ते मोजायला यापेक्षा बरी जागा नाही.

आजचा आलेख: सांध्यानंतर तीन-चार झोके, मग कुठे गाडी शांत. झोक्याची गती सव्वा हर्ट्‌झच्या आसपास. ही गती स्प्रिंग वजनाखाली किती दबते यावर ठरते. ढोबळ सूत्र असं की ५ ला दबलेल्या सेंटीमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. १६ सेंटीमीटरला सव्वा हर्ट्‌झ, २५ ला एक. स्प्रिंग अजून तिच्या जागी आहेत. बिनसलंय ते झोके थांबवणाऱ्याचं.

१८ जानेवारी, शनिवार

हवा. चारही टायरमध्ये ३८ ते ४० पीएसआय निघाली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. पंपावरचा मुलगा विचारत नाही, आपण सांगत नाही.

थंड टायरला ३३ केली. पेव्हरच्या गल्लीत फरक लगेच दिसला. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी कडक. बारीक ठोके तिच्यापुढे जाऊ द्यायचे की नाही हे हवेवर ठरतं. शिवाय जास्त हवेने टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारा तळहाताएवढा तुकडा आणखी लहान होतो.

पहिला बदल फुकटात झाला आणि आराम-पकड दोन्हींना लाभला. दादाला कळवलं. उत्तर आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

गाडी पिटवर. मेस्त्रींनी सब्बल लावून एकेक सांधा हलवून दाखवला. पुढचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले, त्यावर धूळ बसून काळी पेस्ट झालेली. मागचे कोरडे, पण हाताने दाबले तर विरोधच नाही. लोअर आर्मच्या (चाक बॉडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बुशांना तडे. इंजिनचं उजवं माउंट बसलेलं. उजव्या ॲक्सलचं (ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं) आतलं बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं रबरी कव्हर, घड्यांत चिरलंय, ग्रीस अजून बाहेर नाही.

मला वाटलं होतं एखादीच गोष्ट निघेल. मेस्त्री म्हणाले, "सगळं एकदम नाही जात ताई. रोज थोडं थोडं जातं, म्हणून चालवणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्याची गाडी चालवली की कळतं."

१ फेब्रुवारी, शनिवार

चारही शॉकअप नवे. पुढे सोबत टॉप माउंट, बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकायचं रबर) आणि डस्ट कव्हरही. ते जुनेच ठेवले तर पुन्हा मजुरी.

जुना एक मेस्त्रींकडून कापून घेतला. आत पिस्टन, त्यात भोकं आणि भोकांवर पोलादी पातळ चकत्यांची चळत. तेल या चकत्या वाकवून वाट काढतं. पिस्टन सावकाश हलला तर बारीक वाटेनेच तेल जातं आणि विरोध भरपूर. खड्ड्यात चाक एकदम उसळलं की चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि विरोध मर्यादेत राहतो. लेन बदलताना बॉडी कलते ती सावकाश, खड्डा येतो तो झटक्यात. म्हणजे एकाच नळकांड्यात पकडीसाठी एक स्वभाव आणि आरामासाठी दुसरा, आणि कुठला कधी ते तेलाचा वेगच ठरवतो. बटण नाही, वायर नाही. या साध्या चकत्यांची रचना बसवायला कंपन्यांचे इंजिनीअर महिनोन्‌महिने गाड्या घेऊन रस्त्यावर का असतात, ते ही चळत बघितल्यावर पटतं.

आणखी एक: चाक वर जाताना विरोध कमी आणि खाली येताना जास्त, असं मुद्दाम ठेवलेलं असतं. वर जाताना जास्त ठेवला तर प्रत्येक उंचवटा थेट बॉडीत शिरेल. दाबलेल्या स्प्रिंगला परत उलगडताना आवरायचं काम नंतर निवांत करता येतं.

आमच्या जुन्यातल्या तेलाला फेस आला होता. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. फेसाळ तेलात पिस्टन काही अंतर फुकट फिरतो. "आधी ऐकत नाही, मग एकदम ऐकते" यातला निम्मा भाग हाच असावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

लालबागचा पूल: एक झोका, अर्धा, शांत. आलेख बघून बरं वाटलं.

पण पेव्हरवर खडखड आहे तशीच, आणि बारीक खड्ड्याची कड आता आधीपेक्षा स्पष्ट लागते. दादा मागे बसला होता. "बघ, कडक झाली." तो म्हणतो ते चूक नाही, पण ही कड शॉकअपने आणलेली नाही. इतके दिवस सगळ्याच हालचालींच्या गोंधळात ती झाकली गेली होती. संशय लोअर आर्मच्या बुशांवर.

एबीएसबाबतची नोंद. सिग्नलच्या आधीच्या त्या ओबडधोबड पट्ट्यावर ब्रेक दाबला की पूर्वी पेडल गुरगुरायचं. आज नाही. चाक स्वतःच्याच टायरवर सेकंदाला दहा-पंधरा वेळा उड्या मारू लागलं की क्षणभर हवेत असतं, हवेतलं चाक ब्रेकने लगेच थांबतं, आणि एबीएसला वाटतं रस्ता निसरडा आहे, सोडा ब्रेक. थांबायला लागणारं अंतर वाढतं ते असं. शॉकअपची जाहिरात आरामाच्या नावाने होते, पण त्याची खरी नोकरी चाक जमिनीवर ठेवायची आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बुश आले नाहीत. दुकानदाराने दुसऱ्या मॉडेलचे पाठवले, परत केले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लोअर आर्मचे बुश. आजची नोंद लांबणार.

आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा. एक टोक बॉल जॉइंटने चाकाकडे, दोन टोकं बॉडीला, त्या प्रत्येकात एक बुश. बाहेरून दोन्ही रबरच, पण काम अगदी निराळं. पुढचा बुश चाकाच्या जवळपास रेषेत आणि चांगलाच घट्ट. वळताना बाजूचा सगळा जोर तो घेतो. तो ढिला असता तर स्टीअरिंग फिरवल्यावर आधी रबर दबलं असतं आणि मग चाक वळलं असतं. मागचा बुश मोठा, आणि त्याच्या रबरात चंद्रकोरीसारख्या दोन आरपार खाचा. गॅरेजमधला नवीन पोरगा म्हणाला, "हा तर नवाच फाटलेला आलाय." मेस्त्रींनी त्याला बुश हातात देऊन दोन दिशांनी दाबायला लावला. खाचेच्या दिशेने अंगठ्याने दबतो, आडव्या दिशेने हलत नाही.

या खाचेतच सगळं आहे. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा धक्का फक्त वर जात नाही, मागेही ढकलतो. त्या क्षणी आर्म पुढच्या बुशाभोवती किंचित फिरतो आणि चाक काही मिलिमीटर मागे सरकून धार बोथट करतं. बाजूने मात्र त्याला हलायला जागा नाही. लांबीच्या दिशेने मऊ, रुंदीच्या दिशेने कडक. दादाच्या "एक तर मऊ, नाही तर कडक" याला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उत्तर हा बुश आहे, म्हणून जुना एक घरी घेऊन चाललेय.

जुन्यात खाचांच्या टोकांपासून तडे निघून रबर लोखंडी कवचापासून सुटलं होतं. म्हणजे सगळ्याच दिशांना ढिला. ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग किंचित डावीकडे जायचं त्याचंही कारण इथेच.

लेथवाल्याकडच्या प्रेसवर जुने काढले, नवे बसवले. खाचांची दिशा आर्मवरच्या खुणेला लावूनच बसवायचा. थोडा फिरला तरी त्याचा मऊपणा भलत्या दिशेला जातो.

मग मेस्त्रींनी जे केलं ते मी बऱ्याच गॅरेजमध्ये होताना बघितलेलं नाही. बोल्ट नुसते हाताने लावले, चाकं चढवली, गाडी पिटवर चारही चाकांवर उभी केली, पुढून दोन-तीनदा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू दिलं, आणि मग खाली उतरून बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. कारण हे बुश फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीला आपलं घर मानतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, गाडी उगाच ताठ चालते आणि नवा बुश लवकर फाटतो. "काम तेच, पाने तेच, पैसे तेच," मेस्त्री हात पुसत म्हणाले, "फक्त घाई नको."

२३ फेब्रुवारी, रविवार

खड्ड्याची कड गेली. पेव्हरच्या आलेखातले टोकदार काटे बुटके झाले. लेन बदलताना स्टीअरिंगच्या मधल्या भागातला रिकामेपणा बराच कमी.

दादा पॉलीयुरेथेनच्या बुशांची लिंक पाठवतोय. ट्रॅकवर पळवायची गाडी असती तर विचार केला असता. पॉलीयुरेथेन सगळ्या दिशांना कडक. खाचेने साधलेला भेदभाव त्यात राहत नाही. शिवाय आतल्या नळीवर घासत फिरतं, ग्रीस संपलं की करकरतं.

त्याचा दुसरा प्रस्ताव स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायच्या रबरी बफरचा, म्हणजे मागे माणसं बसली की गाडी टेकणार नाही. बफर अडकलेला वेढा काम करायचं थांबवतो. स्प्रिंग आखूड होते, म्हणून कडक होते, आणि बाकीच्या वेढ्यांवर ताण येतो. नको.

८ मार्च, शनिवार

व्हील अलाइनमेंट. जायच्या आधी पुढच्या टायरवरून हात आडवा फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत करवतीसारखं बोचतं. टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडल्याची ही खूण मशीनच्या आधी कळते. मशीननेही तेच सांगितलं: पुढची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला उघडलेली. त्यामुळे गाडी सरळ रेषेत ठरत नाही, सतत बारीक दुरुस्ती करत बसावं लागतं.

स्क्रीनवरचे आकडे हिरवे झाले की तिथल्या माणसाचं काम संपतं. स्टीअरिंग सरळ धरून कुलूप लावलंय का, हवा सारखी आहे का, हे मीच विचारलं. मागचा बीम जुळवता येत नाही, फक्त मोजता येतो. मोजला, जागेवर आहे.

ट्विस्ट बीमबद्दल दोन शब्द. १९७४ साली फोक्सवागनच्या सिरोको आणि गोल्फमधून हा प्रकार रुळला आणि आजही लहान गाड्यांत मागे बहुधा हाच असतो. स्वस्त म्हणून हिणवला जातो, पण हुशार आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता हलतो. एकच गेलं तर पिळला जातो आणि अँटीरोल बारचं काम करतो. वळताना गाडी कमी कलते ती त्यामुळे. किंमत अशी की एका बाजूच्या खड्ड्याचा हिस्सा दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि मागे बसलेल्याचं डोकं डावी-उजवीकडे हलतं. जाड अँटीरोल बार लावून गाडी "स्पोर्टी" करणाऱ्यांच्या मागच्या सीटवर बसून बघावं.

२२ मार्च, शनिवार

इंजिन माउंट. मेस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात.

तपासायची रीत: बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर, क्लच अगदी धरेपर्यंत सोडायचा. मग रिव्हर्समध्ये तेच. मी समोर उभी. आत मेस्त्री. इंजिन आधी मागे झुकलं, मग पुढे, आणि एअर फिल्टरचा पाइप दोन बोटं तरी सरकला. आडव्या इंजिनला चाकं फिरवायची तर ते स्वतः उलट्या दिशेने फिरू बघतं. वरची माउंट वजन धरतात आणि खालचा टॉर्क रॉड हे फिरणं अडवतो. आमच्याकडे रॉडचं रबर ढिलं आणि उजवं माउंट, आत द्रव असलेलं, फुटून रिकामं.

या द्रवाचं कारण सांगण्यासारखं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ७५० आरपीएमला सेकंदाला २५. हा हादरा बॉडीत जाऊ नये म्हणून माउंट मऊ हवं. पण इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोच्या वरचा ठोकळा. मऊ माउंटवर ठेवला तर खराब रस्त्यावर दहाएक हर्ट्‌झला तो स्वतःच थरथरायला लागतो, आणि चाकाची उडी त्याच्याच शेजारच्या पट्ट्यात. म्हणून रबराच्या आत द्रवाचे दोन कप्पे आणि मधे लांब, अरुंद वाट. मोठी संथ हालचाल झाली की द्रव त्या वाटेतून ढकलला जातो आणि विरोध करतो. आयडलच्या बारीक हादऱ्याला माउंट मऊच राहतं. शॉकअपच्या चकत्यांचंच तत्त्व, वेगळ्या कपड्यांत. सिग्नलला एसी चालू असताना आरसा थरथरत असेल तर आधी हे माउंट बघावं, ट्यूनिंग नंतर.

दोन्ही बदलले. एसी लावून आयडलवर मागच्या सीटचा आलेख जवळपास सपाट.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आई, श्रीखंडाचा डबा आणि मी, मुलुंड ते दादर, मावशीकडे. घाटकोपरपासून सायनपर्यंत बंपरला बंपर. आई न विचारता बोलली: "आज पोटात ढवळलं नाही गं."

मळमळ आणि धक्के या दोन वेगळ्या गोष्टी. पोटात ढवळतं ते अर्ध्या हर्ट्‌झच्याही खालच्या, संथ हालचालींनी, म्हणजे बोटीत लागतं तसं. रस्त्यावर अशी संथ हालचाल खड्ड्यांतून कमी आणि थांब-चाल ट्रॅफिकमधून जास्त येते. माउंट ढिलं असलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी इंजिन लोळतं, मग ओढ चाकापर्यंत पोचते, मग गाडी झटक्याने पुढे. चालवणारा घाबरून पाय काढतो, इंजिन उलट लोळतं. हे चक्र दिवसभर. आता दाबलं की ओढ लगेच आणि सलग लागते, त्यामुळे पाय हलका ठेवता येतो. श्रेय निम्मं माउंटला, निम्मं पायाला. ड्राइव्हट्रेन (इंजिनापासून चाकांपर्यंत ओढ नेणारी साखळी) म्हटलं की लोक पिकअप विचारतात. मागच्या सीटवरच्या माणसाला मात्र ओढ किती आहे याचं काही नसतं, ती कशी सुरू होते आणि कशी सुटते एवढंच कळतं.

१२ एप्रिल, शनिवार

पावसाआधी ॲक्सल. आतलं बूट बदललं, नवं ग्रीस भरलं. बाहेरच्या टोकाला सहा गोळ्यांचा जॉइंट, चाक पूर्ण वळलेलं असतानाही गती एकसारखी देणारा. आतल्या टोकाला तीन रोलरचा, चाक वरखाली होताना लांबी जुळवून घेणारा. बाहेरचा गेला तर स्टीअरिंग पूर्ण फिरवून निघताना टकटक ऐकू येते. आतला गेला तर जोर देताना गाडी अंग झटकते. चिरलेल्या बुटातून पावसाळ्यात चिखलाचं पाणी शिरलं की काही आठवड्यांत कारभार आटोपतो, म्हणून हे काम मेच्या आत.

आमच्या गाडीचे दोन ॲक्सल कमी-जास्त लांबीचे आहेत. जोरात निघताना स्टीअरिंग एका बाजूला ओढलं जातं त्यात याचा हात असतो. ताकदवान गाड्यांत मधे एक जादा शाफ्ट घालून दोन्ही सारख्या लांबीचे करतात. आमच्या इंजिनाला तेवढी ताकदच नाही, प्रश्न मिटला.

चहा पिताना मेस्त्रींनी जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा विषय काढला. त्यांचे वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे हा विषय निघाला की चहा थंड होतो. पुढे डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग ॲक्सल आणि पाट्यांची स्प्रिंग. "खड्ड्यात पद्मिनी गप्प बसायची," हे त्यांचं ठाम मत. मोठ्या खड्ड्यात बसत असेल. पण पाट्या एकमेकींवर घासतात आणि ते घर्षण ओलांडल्याशिवाय स्प्रिंग हलतच नाही, म्हणजे बारीक ठोके थेट टायरकडून सीटकडे. वर डिफरन्शियलसकट सगळा ॲक्सल चाकांबरोबर वरखाली होणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. मेस्त्रींशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही, आणि मागच्या सीटवरची जागा मीही कबूल करते.

१० मे, शनिवार

ऑफिसमधल्या मैत्रिणीची नवी इलेक्ट्रिक गाडी. कोस्टल रोडने सी लिंकवर आणि परत. आईही सोबत.

बॅटरी पायाखाली असल्याने वजन खाली, त्यामुळे वळणावर कलतच नाही म्हटलं तरी चालेल. पण त्याच वजनामुळे स्प्रिंग कडक घ्याव्या लागतात. सपाट कोस्टल रोडवर राणी, वांद्र्यात आतल्या रस्त्याला लागल्यावर तेवढी नाही. ओढ मात्र लोण्यासारखी. मोटरची ताकद काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येते, त्यामुळे जो झटका आम्ही माउंट बदलून घालवला तो इथे सॉफ्टवेअर उठूच देत नाही. आईला तरीही परतताना मळमळलं. रीजनरेशन (मोटरनेच गाडी धीमी करून बॅटरी भरणं) सगळ्यात वरच्या पायरीवर होतं, पाय काढला की गाडी ओढून धरते. ते खालच्या पायरीवर आणल्यावर ठीक.

हिच्यात ईएससी आहे आणि वळणावर आतल्या चाकाला हलका ब्रेक लावून नाक आत आणायची सोयही आहे. ईएससी १९९५ साली बॉशने मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणलं. ज्याचा मला खरा हेवा वाटतो तो वेगळाच: चुंबकाने तेलाचा दाटपणा बदलणारा शॉकअप. तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, पिस्टनमध्ये तारेचं वेटोळं; करंट सोडला की तेल दाट. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिलमध्ये पहिल्यांदा आला. आमच्या चकत्या तेलाचा वेग बघून ठरवतात, तो रस्ता आणि स्टीअरिंग बघून ठरवतो. पण त्याच्याही आर्मला बुश लागतातच, आणि ते फाटले तर तोही काही करू शकत नाही.

३१ मे, शनिवार

मान्सून २६ तारखेलाच आला, मुंबईत इतक्या लवकर कधी नोंदलेला नाही. अलाइनमेंट पुन्हा तपासून घेतली, हललेली नाही. पाण्याखालचा एक खड्डा दणदणीत लागला. बंप स्टॉपवर गेली, पण टकटक कुठेही नाही आणि स्टीअरिंग सरळ. लालबागच्या पुलावर फेब्रुवारीचाच आलेख.

दादाला चालवायला दिली. मुलुंड टोलनाक्यापर्यंत गेला, आला, किल्ली टेबलावर ठेवली. "स्टीअरिंग बरं झालंय." मागे बसायला मात्र तयार नाही.

१४ जून, शनिवार

दादाला आता सोळा इंची अलॉय हवेत. चाकाचं वजन वाढलं की तेवढंच वजन शॉकअपला जमिनीवर धरून ठेवायचं. टायरची भिंत आखूड, म्हणजे पेव्हर पुन्हा सीटपर्यंत, आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वेगळी. मूळ चौदा इंचीच राहतील. टायर बदलायचे तेव्हा दोघं मिळून दुकानात जाऊ, हे कबूल केलंय.

बाकी राहिलं ते मागच्या बीमचे बुश. तिरके बसवलेले असतात, वळताना मागची चाकं भलतीकडे वळू नयेत म्हणून. सध्या तडे नाहीत, रबर कडक झालंय. दिवाळीनंतर काढू. त्यांना प्रेसवर आधार द्यायला खास मापाचा कप लागतो. मेस्त्रींनी व्हर्निअरने बाहेरचा व्यास घेऊन कागद लेथवाल्याकडे दिलाय, कप माइल्ड स्टीलचा चालेल.